शिरस्त्राणे, उत्खनित युद्धकालीन

शिरस्त्राणे, उत्खनित युद्धकालीन : पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या (१९१४–१८ व १९३९–४५) रणभूमींवर जमिनीत गाडली गेलेली व पुढे नांगरट, बांधकाम किंवा शास्त्रीय उत्खनन यांतून वर आलेली सैनिकांची पोलादी शिरस्त्राणे. फ्रान्स, बेल्जियम, पोलंड, रशिया इ. देशांत ती अद्यापही सापडतात. शस्त्रविद्येचा इतिहास, रणभूमीचे पुरातत्त्व व बेपत्ता सैनिकांचा शोध या तिन्ही दृष्टींनी ती पुराव्याची साधने होत. मात्र संग्राहकांच्या बाजारपेठेत त्यांना मोठी किंमत येत असल्याने बनावट वस्तूंचा सुळसुळाट झाला असून सत्यासत्यनिर्णय व जतन हे परस्परांशी निगडित असे प्रश्न निर्माण झाले आहेत.

पूर्वपीठिका : १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा फ्रेंच सैनिक कापडी टोपी व जर्मन सैनिक टोकदार कळसाचे चामडी शिरस्त्राण घालीत. खंदकातील सैनिकाचे डोके तोफगोळ्यांच्या उडत्या तुकड्यांच्या माऱ्यात सापडू लागल्याने पोलादी शिरस्त्राण आवश्यक झाले. फ्रान्सने १९१५ मध्ये आद्रियां या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा नमुना स्वीकारला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जॉन ब्रॉडी याने एकाच पत्र्यातून दाबून केलेल्या उथळ, रुंद काठाच्या शिरस्त्राणाचे एकस्व घेतले. जर्मनीत फ्रीड्रिख श्व्हेर्ड याने कान व मान झाकणारा नमुना तयार केला आणि १९१६ च्या प्रारंभी व्हर्दंच्या लढाईत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आला. ब्रिटिश धाटणीची शिरस्त्राणे हिंदी सैन्यासही मिळाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींचाही त्यांत समावेश होता. शीख सैनिक मात्र पगडीच वापरीत. त्यामुळे एखाद्या ठिकाणी शिरस्त्राण आढळले नाही, म्हणून तेथे सैनिक नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

सत्यासत्यनिर्णय : परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे घडण पाहणे. जर्मन १९१६ च्या नमुन्याला दोन्ही बाजूंस पोकळ खुंट्या असून त्यांतून हवा खेळे व कपाळावरील जादा चिलखती पट्टीही त्यांवरच अडकविता येई. १९३५ च्या आटोपशीर नमुन्यात वायुछिद्रांना स्वतंत्र कडी बसविलेली असे. १९४० मध्ये छिद्राचा उंचवटा पत्र्यातच दाबून काढू लागले, तर १९४२ मध्ये काठ आत दुमडण्याची क्रिया वगळण्यात आली. खर्च व वेळ यांची ही काटकसर कालनिर्णयास उपयोगी पडते. सोव्हिएट शिरस्त्राणांत १९३९ च्या नमुन्यास तीन, तर १९४० च्या नमुन्यास सहा रिव्हेट असतात. जर्मन शिरस्त्राणांच्या आतील बाजूस कारखान्याची आद्याक्षरे व आकारमानाचा अंक ठोकलेला असतो. उदा., ‘ईटी’ ही अक्षरे थाले येथील, तर ‘क्यू’ हे अक्षर एसलिंगेन येथील क्विस्ट कारखान्याचे निदर्शक होय. गंजामुळे न दिसणारे असे ठसे क्ष-किरण छायाचित्रात बहुधा वाचता येतात.

धातूचे परीक्षणही निर्णायक ठरते. ब्रॉडी नमुना प्रारंभीची अल्पसंख्य मृदू पोलादी शिरस्त्राणे वगळता सु. १२ टक्के मँगॅनीज असलेल्या हॅडफील्ड पोलादाचा केला जाई. हे पोलाद लोहचुंबकाकडे ओढले जात नाही. मात्र काठाला लावलेली साध्या पोलादाची पट्टी व गंजाचे थर चुंबकाला प्रतिसाद देऊ शकतात. म्हणून चाचणी पत्र्याच्या उघड्या भागावरच घ्यावी लागते.

बनावटीचे प्रकार अनेक आहेत. पूर्णतः नवे शिरस्त्राण अम्लात किंवा मिठाच्या पाण्यात गंजवून पुरणे हा त्यांपैकी ढोबळ प्रकार होय. असा गंज एकसारखा, नारिंगी व भुसभुशीत असतो. दीर्घकाळ जमिनीत राहिलेल्या वस्तूवर याउलट घट्ट थर साचतात. धातूलगतचा थर काळसर, बाहेरचा तपकिरी असतो आणि त्यात वाळूचे कण व मुळांचे ठसे घट्ट रुतलेले दिसतात. अस्सल शिरस्त्राणावर नवे चिन्ह चढविणे हा अधिक फसवा प्रकार आहे. जर्मन सेनेच्या शिरस्त्राणावरील तिरंगी ढाल १९४० मध्ये व गरुडचिन्ह १९४३ मध्ये वगळण्यात आले. एसएस दलाच्या चिन्हामुळे किंमत पुष्कळच वाढत असल्याने तेच सर्वाधिक बनविले जाते. चिन्ह गंजाच्या खळग्यांवरून पसरलेले असेल, तर ते गंजानंतरचे ठरते. अस्सल चिन्ह गंजाबरोबरच फाटलेले व उचललेले असते. हनुवटीच्या पट्ट्याचा दोरा जंबुपार प्रकाशात निळसर चकाकत असल्यास तो बहुधा युद्धोत्तर काळातील असतो, कारण अशी शुभ्रकारी द्रव्ये युद्धानंतर सर्वत्र वापरात आली. गोळीच्या छिद्राच्या कडा उर्वरित पत्र्याइतक्याच गंजलेल्या असाव्या लागतात. युद्धोत्तर टंचाईच्या काळात जर्मनीत अनेक शिरस्त्राणांची पातेली व चाळण्याही करण्यात आल्या. हे फेरबदल बनावटीत मोडत नसून तोही वस्तूच्या इतिहासाचाच भाग होय.

जतन : जमिनीत शिरस्त्राण एक प्रकारच्या समतोलात असते. ते बाहेर काढताच ऑक्सिजन व दमट हवा यांमुळे गंजातील क्लोराइडे क्रियाशील होतात, तपकिरी थेंब पाझरू लागतात व कवचाच्या खपल्या निघतात. अनेक दशके टिकलेली वस्तू अल्पकाळात नष्ट होण्याचा धोका असतो. त्यामुळे ओली सापडलेली वस्तू अनियंत्रितपणे वाळू न देता प्रयोगशाळेत नेतात. क्लोराइडे काढण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात ती आठवडे किंवा महिने ठेवतात. समुद्रातील लोखंडासाठी नॉर्थ व पीअर्सन यांनी १९७५ मध्ये मांडलेली अल्कली सल्फाइट पद्धतीही वापरली जाते. त्यानंतर टॅनिक अम्लाचा लेप, ॲक्रिलिक रेझीन वा सूक्ष्मस्फटिकी मेण यांचे संरक्षक आवरण देतात. क्लोराइडे शिल्लक असल्यास वस्तू सिलिका जेलसह बंद पेटीत १५ ते २० टक्क्यांहून कमी सापेक्ष आर्द्रतेत ठेवावी लागते.

यात एक मूलभूत अडचण उद्‌भवते. अल्कली विद्राव व विद्युत् विच्छेदन यांमुळे तैलरंग सुटतो. अम्ल व तारेचा ब्रश यांचा परिणामही घातक होतो. अनेक जर्मन सैनिक शिरस्त्राणाच्या आत मागील बाजूस आपले नाव रंगाने लिहीत आणि कित्येकदा तोच त्या माणसाचा एकमेव मागमूस असतो. धातू वाचविताना नाव गमावणे ही भरून न येणारी हानी होय. म्हणून छायाचित्रण, क्ष-किरण तपासणी व रंगाच्या थरांची नोंद ही कोणत्याही स्वच्छतेपूर्वी करणे अनिवार्य मानले जाते. रंग शिल्लक असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली हातानेच साफसफाई करून आर्द्रतेवर नियंत्रण ठेवणे श्रेयस्कर ठरते.

स्थानसंदर्भ व कायदा : आल्सेसमधील कार्स्पाख येथे १८ मार्च १९१८ रोजी तोफमाऱ्याने कोसळलेल्या किलिआन भुयाराचे २०११ मध्ये उत्खनन होऊन २१ जर्मन सैनिकांचे अवशेष मिळाले. निर्वात चिकणमातीमुळे लाकूड, चामडे व कापडही टिकून होते. प्रत्येक वस्तू कोठे व कोणत्या सांगाड्यापाशी सापडली, याची नोंद झाल्याने तिला अर्थ प्राप्त झाला. चोरट्या खोदकामात हाच संदर्भ नष्ट होतो. ओळखपट्टी एकीकडे, शिरस्त्राण दुसरीकडे व अस्थी तिसरीकडे जातात आणि मृत सैनिक कायमचा अनामिक राहतो. फ्रान्समध्ये १८ डिसेंबर १९८९ च्या कायद्याने धातुशोधकाद्वारे पुरातत्त्वीय वस्तूंचा विनापरवाना शोध घेण्यास बंदी केली. अशा स्थळी जिवंत तोफगोळेही असल्याने काही आढळताच स्थानिक प्रशासनास कळविणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक असते. सैनिकांचे अवशेष मिळाल्यास राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग (स्थापना १९१७) किंवा जर्मन युद्धसमाधी संघटना (स्थापना १९१९) यांसारख्या संस्था ओळख पटविणे व दफन यांची व्यवस्था पाहतात. स्थानाच्या नोंदीशिवाय उत्तम स्थितीतील अस्सल शिरस्त्राणही केवळ एका नमुन्याचे उदाहरण ठरते. नोंदीसह मिळालेले गंजके कवच मात्र एका बेपत्ता माणसाचे नाव परत मिळवून देऊ शकते.