चेहरा कशाने चिकटवायचा?

पासपोर्टाच्या गोष्टीत राजे, युद्धं, सीमा सगळं आहे. पण मला त्यातला खरा खलनायक डिंक वाटतो.

पहिल्या महायुद्धाआधी बहुतेक पासपोर्टांवर फोटोच नसे. १९१४ मध्ये कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस नावाच्या अमेरिकन माणसाच्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये हिंडला. कागद खरा, शिक्का खरा, माणूस तेवढा दुसरा. नोव्हेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या काही महिन्यांतच अमेरिका आणि ब्रिटनने पासपोर्टावर फोटो सक्तीचा केला. नावाला चेहरा जोडला गेला, पण डिंकाने. थोडी वाफ द्यायची, ब्लेडचं टोक सरकवायचं, फोटो बदलायचा, शिक्क्याचा तुटलेला अर्धा भाग हाताने काढायचा. पुढे वरून प्लास्टिक आलं, तरी तेही चिकटवलेलंच. माझ्या वडिलांच्या हस्तलिखित पासपोर्टात फोटोचा एक कोपरा आता आपोआप उचलला गेलाय.

तोडगा भलतीकडेच निघाला. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेलने पॉलिकार्बोनेट बनवलं. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सनेही, एकमेकांचा पत्ता नसताना. काचेसारखं पारदर्शक, पण सहसा न फुटणारं. पाण्याचे मोठे जार, सीडी यांचं हे प्लास्टिक. त्याच्या पातळ फिल्म एकावर एक रचून उष्णता आणि दाब दिला, की त्या एकमेकींत विरघळल्यासारख्या एकजीव होतात. डिंक लागतच नाही, त्यामुळे सोलायला कडाही उरत नाही. फोटोसुद्धा वर छापत नाहीत. लेझर वरच्या पारदर्शक थरातून आत जातो आणि पोटातला खास थर ठिपक्याठिपक्याने करपवतो. जितकी ऊर्जा जास्त, तितका ठिपका काळा. म्हणून त्यातले चेहरे करडे आणि जरासे भुतासारखे दिसतात. (पासपोर्टात कोण सुंदर दिसतं म्हणा!) असं पान टेबलावर टाकलं तर पत्र्यासारखं वाजतं. फिनलंडने १९८९ मध्ये ड्रायव्हिंग लायसन्ससाठी आणि १९९७ मध्ये पासपोर्टासाठी ते वापरलं. ब्रिटन २०२० मध्ये, अमेरिका २०२१ मध्ये त्यावर आली.

इथवर गोष्ट सरळ आहे. मला मात्र अडोल्फो कामिन्स्की आठवत राहतो. नॉर्मंडीत एका रंगाऱ्याकडे उमेदवारी करणारा ज्यू पोरगा. कपड्यांचे डाग काढता काढता रसायनं शिकला. नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ज्यूंच्या ओळखपत्रांवर ‘ज्यू’ असा शिक्का असे. ओळखपत्रांवरची पक्की समजली जाणारी निळी शाई लॅक्टिक आम्लाने जाते, हे त्याला ठाऊक होतं. पॅरिसमधल्या एका गुप्त खोलीत, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, त्याने साथीदारांसोबत नावं पुसली, नवी लिहिली, अख्खी ओळखपत्रं खोटी बनवली. त्यावर हजारो माणसं जगली, त्यांत पुष्कळ लहान मुलं. २०२३ मध्ये, ९७ व्या वर्षी तो वारला.

लोडीला अडवायला पॉलिकार्बोनेटचं पान उत्तम आहे, आणि चोरलेल्या पासपोर्टांचा धंदा बघता ते हवंच, असं माझं मत आहे. पण त्याच्या पोटात करपवलेलं नाव लॅक्टिक आम्लाने जात नाही. १९४३ मध्ये फ्रान्समधल्या सरकारकडे ते असतं, तर कामिन्स्कीच्या टेबलावर करण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.