लोकनायक बापूजी अणे : पुसदच्या कुरणापासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलपर्यंत

१/
यवतमाळहून दारव्हा आणि दिग्रस ही गावे मागे टाकून रस्ता पुसदकडे निघतो. कापसाची काळी शेते, मधूनच उठलेल्या टेकड्या, त्यांच्या अंगावरचे सागवान आणि पावसाळ्यात पुरुषभर वाढणारे गवत. १० जुलै १९३० रोजी याच मुलुखात, पुसदजवळच्या राखीव जंगलात, पन्नाशीला आलेल्या एका वकिलाने हाती विळा घेतला आणि सरकारचे गवत कापले. त्या गुन्ह्यासाठी त्याला तुरुंगात जावे लागले.

२/
बारा वर्षांनी हाच माणूस दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी कौन्सिलचा सभासद होता. त्याच्या सरकारी निवासस्थानी सेवाग्रामचा एक आश्रमवासी उपोषणाला बसला होता, आणि तो उपोषणकर्ता न्याय मागत होता तो विदर्भातल्याच एका गावासाठी.

माधव श्रीहरी उपाख्य लोकनायक बापूजी अणे यांचे चरित्र या दोन प्रसंगांच्या दरम्यान उभे आहे. त्याविषयीचा हा धागा.

३/
आधी नावाविषयी. ‘लोकनायक’ म्हटले की आजच्या तरुण वाचकाला जयप्रकाश नारायण आठवतात. वऱ्हाडात ही पदवी त्याच्या कितीतरी आधी बापूजींना लागली होती. यवतमाळ जिल्ह्यात त्यांच्या नावाची विद्यालये आहेत. तेथे शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते. माणूस मात्र फारसा ठाऊक नसतो.

४/
जन्म २९ ऑगस्ट १८८०, वणी येथे. घरात संस्कृत विद्येची परंपरा. त्या काळी जिल्ह्याचे नावही ‘वणी’ असेच होते. १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका येऊन मिळाला आणि जिल्हा ‘यवतमाळ’ झाला. वऱ्हाड प्रांताची स्थितीही विलक्षण होती : मालकी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून तो कारभार नागपूरच्या मध्य प्रांताला जोडलेला. पुढे बापूजींनी आयुष्यभर ‘आमचा प्रदेश नेमका कोणाचा’ हा प्रश्न लावून धरला. त्याचे मूळ या त्रांगड्यात शोधले तर ते वावगे ठरणार नाही.

५/
नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी, अमरावतीच्या शाळेत काही वर्षे अध्यापन, कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची परीक्षा आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळात वकिली. १९०८ हेच लोकमान्य टिळकांच्या मंडालेच्या शिक्षेचे वर्ष. बापूजी टिळकांचे झाले ते कायमचे. पुढे होमरूलच्या चळवळीत ते वऱ्हाडातील टिळकपक्षाच्या पहिल्या फळीत दिसतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी यवतमाळातून एक साप्ताहिक काढले. त्याचे नाव ‘लोकमत’. आज महाराष्ट्रभर त्या नावाचे दैनिक वाचले जाते. नावाचा उगम यवतमाळातला आहे.

६/
१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि त्यांच्या अनुयायांपुढे पेच उभा राहिला. गांधींचा असहकार स्वीकारायचा की नाही? १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी ‘प्रतियोगी सहकारिता’ मांडली होती. सरकार जितके देईल तितके घ्यावे, त्याचा उपयोग करून पुढच्यासाठी भांडावे, आणि सरकार जसे वागेल तसे त्याच्याशी वागावे, असा तिचा आशय. कौन्सिले, कोर्टे, शाळा सोडून द्या, हे या मनोवृत्तीला पटणारे नव्हते.

७/
अमरावतीचे दादासाहेब खापर्डे या वळणावर काँग्रेसच्या मुख्य प्रवाहातून बाजूला झाले. बापूजी झाले नाहीत. १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसची धुरा त्यांच्याकडे आली आणि जवळजवळ दशकभर राहिली. विचाराने ते केळकर, जयकर, मुंजे यांच्या प्रतियोगी सहकार पक्षाचे होते, मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत होते, आणि तरीही काँग्रेसचे होते. एका म्यानात दोन तलवारी बाळगण्याची ही कसरत त्यांनी दीर्घकाळ केली.

८/
१९२८ हे एकच वर्ष पाहा. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करण्यासाठी जी समिती बसली, तिच्यात बापूजी हिंदू महासभेच्या बाजूचे सभासद होते. त्याच समितीत तेजबहादूर सप्रू होते आणि तरुण सुभाषचंद्र बोसही होते. आणि त्याच वर्षी ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही बापूजींकडे होते. त्या पिढीला राजकारण आणि साहित्य यांमध्ये भिंत घालण्याची गरज वाटत नव्हती.

९/
आता विळ्याकडे येऊ. मार्च-एप्रिल १९३० मध्ये गांधीजी दांडीला पोहोचले आणि देशभर मिठाचा कायदा मोडला जाऊ लागला. वऱ्हाडात समुद्र कुठून आणावा? अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे असते. तेव्हा दहीहांडा येथे विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. युक्ती नामी होती. पण दारव्हा, दिग्रस, पुसदकडच्या शेतकऱ्याला मिठापेक्षा वेगळाच काच रोज सोसावा लागत होता. तो होता जंगल खात्याचा.

१०/
या भागातील शेती बैलांवर चालत असे. बैलाला वैरण हवी. गावाला लागून असलेली जंगले आणि कुरणे राखीव झाल्यापासून चराईला फी, गवत कापायला परवाना, जळणाला परवाना, आणि चुकून ढोर आत शिरले तर कोंडवाडा. टेकड्यांच्या कुशीत राहणारे गोंड, कोलाम, आंध आणि गुरांवर जगत आलेले बंजारा तांडे यांचा तर सरकारशी येणारा संबंध बहुधा जंगलाच्या शिपायापुरताच. स्वराज्य म्हणजे काय, हे या माणसाला मिठाच्या चिमटीतून समजावणे कठीण होते. गवताच्या पेंढीतून ते एका वाक्यात समजत होते.

११/
मे १९३० मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने मध्य प्रांत, महाराष्ट्र आणि कर्नाटकात जंगल कायदे मोडण्यास मुभा दिली. वऱ्हाडने त्यासाठी पुसद निवडले आणि पहिला सत्याग्रही म्हणून प्रांताचा नेता स्वतः पुढे झाला. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. कायदेभंगाच्या तत्त्वाविषयी ज्याच्या मनात शंका होत्या, त्यानेच कायदेभंगाचा असा प्रकार उचलून धरला जो लोकांच्या प्रत्यक्ष गाऱ्हाण्याला भिडत होता. बापूजी गांधींचे अनुयायी झाले होते असे नव्हे. टिळकांनी शिकवलेली ‘लोकांच्या असंतोषाला वाट करून देण्याची’ रीत ते गांधींच्या चळवळीत वापरत होते.

१२/
पुसदनंतर सत्याग्रहाचे लोण पसरले. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी जंगल सत्याग्रह केला आणि ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. सप्टेंबरात सातारा भागात बिळाशी, रायगडात चिरनेर. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, माणसे मेली. शालेय पुस्तकांत १९३० म्हणजे दांडी. महाराष्ट्राच्या आतल्या भागासाठी १९३० म्हणजे गवत होते.

१३/
१९३३ मध्ये काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात असताना बापूजी काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले, तेव्हा सविनय कायदेभंग सहा आठवड्यांसाठी स्थगित करण्याची घोषणा त्यांनीच केली. वणीचा माणूस काही काळ देशातील सर्वांत मोठ्या राजकीय संघटनेचा प्रमुख होता, हे विदर्भातही किती जणांना ठाऊक असेल?

१४/
लगेच पुढच्या वर्षी ताटातूट झाली. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांच्या १९३२ च्या जातीय निवाड्याविषयी काँग्रेसने ‘स्वीकारही नाही, धिक्कारही नाही’ असे धोरण धरले. मदनमोहन मालवीय आणि बापूजी यांना ते मान्य झाले नाही. दोघे बाहेर पडले, त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचे नेतृत्व बापूजींनी केले. येथून ते काँग्रेसच्या मुख्य प्रवाहाला परके होत गेले.

१५/
जुलै १९४१. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कार्यकारी कौन्सिलात हिंदी सभासदांची संख्या वाढवली. बापूजींनी परदेशस्थ भारतीयांचे खाते स्वीकारले. प्रतियोगी सहकाराच्या तर्कशास्त्रात हे बसत होते : सत्तेची जागा मिळते आहे, ती घ्यावी, आतून काम करावे. पण ऑगस्ट १९४२ उजाडला. ‘छोडो भारत’ ठराव झाला आणि सगळे काँग्रेस नेते गजाआड गेले. ज्या सरकारने ही धरपकड केली, त्याच्या कौन्सिलात गवत कापून तुरुंगात गेलेला हा सत्याग्रही बसला होता.

१६/
मग चिमूर घडले. हे गाव तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले, म्हणजे बापूजींच्या वणीच्या शेजारच्या जिल्ह्यातले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे पोलिसांनी गोळीबार केला, संतप्त जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. त्यानंतर सैन्य आले आणि गावातील स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. सरकार चौकशीला तयार नव्हते.

१७/
सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले ते थेट बापूजींकडे. कारण उघड होते. कौन्सिलात विदर्भाचा माणूस तोच. नोव्हेंबरच्या आरंभी त्यांनी बापूजींच्या निवासस्थानीच उपोषण मांडले. त्यांना पकडून वर्ध्याकडे परत पाठवण्यात आले. भन्साळींनी उपवास सोडला नाही. तो साठ दिवसांहून अधिक चालला आणि जानेवारी १९४३ मध्ये, प्रांतिक सरकारशी तडजोड झाल्यावर, संपला.

१८/
या प्रसंगात बापूजींची बाजू घेणे अवघड आहे. आत राहून उपयोग करायचा, हीच जर कौन्सिलात जाण्याची सबब होती, तर आत असण्याचा उपयोग होण्याची वेळ हीच होती. दारात आलेला माणूस परका नव्हता आणि त्याची मागणी सिंहासनाची नव्हती, चौकशीची होती. एक सभासद किती हतबल असतो, निर्णय व्हाइसरॉयच्या हाती कसे असत, हे सारे खरे. तरीही राजीनामा देणे हे त्या हतबलतेतही हातात होते, आणि नोव्हेंबरात तो दिला गेला नाही.

१९/
तो फेब्रुवारीत दिला गेला. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. प्रकृती ढासळू लागली, सरकार सोडायला राजी होईना. १७ तारखेला कौन्सिलचे तीन सभासद बाहेर पडले : सर होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि बापूजी अणे. ज्या गांधींच्या राजकारणाशी त्यांचे जन्मभर जमले नाही, त्यांच्याच प्राणासाठी बापूजींनी पद सोडले. समाजमाध्यमांवर बापूजींना कधी ‘गांधीविरोधक’ म्हणून, तर कधी ‘गांधींचे सत्याग्रही’ म्हणून हवा तसा तुकडा काढून वापरले जाते. १९३०, १९४२ आणि १९४३ ही तिन्ही वर्षे एकत्र ठेवली की दोन्ही शिक्के गळून पडतात.

२०/
पुढचे थोडक्यात. सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी, संविधान सभेचे सभासद, जानेवारी १९४८ पासून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल. मोठी पदे होती. चरित्राला वळण देणारे त्यांत फारसे काही नाही.

२१/
वळण दिले ते पुन्हा वऱ्हाडानेच. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती अमलात आली नाही. ज्या वयात माणसे आठवणी सांगत बसतात, त्या वयात बापूजी निवडणुकीला उभे राहिले. १९५९ ची नागपूर लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी विदर्भाच्या प्रश्नावर जिंकली, आणि १९६२ मध्ये ऐंशी ओलांडल्यावर ती जागा पुन्हा राखली. त्यांचे नातू आणि महाराष्ट्राचे तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना २०१६ मध्ये वेगळ्या राज्यांविषयीच्या वक्तव्यावरून पद सोडावे लागले, तेव्हा अनेक तरुणांनी हे आडनाव प्रथम ऐकले असावे.

२२/
आणि या सगळ्याच्या आड एक लेखन चालू होते. बापूजी संस्कृतात टिळकांचे पद्यचरित्र रचत होते : ‘तिलकयशोऽर्णवः’. बारा हजारांच्या आसपास श्लोक. विसाव्या शतकातील राजकीय पुढाऱ्याचे चरित्र महाकाव्याच्या घाटात बसवायचे, म्हणजे काँग्रेसची अधिवेशने, राजद्रोहाचे खटले, वर्तमानपत्रांतील वाद, मंडालेचा तुरुंग हे सगळे संस्कृत वृत्तांत आणायचे. मराठीत लिहिले असते तर वाचक हजारांनी मिळाले असते. साहित्य संमेलनाच्या माजी अध्यक्षाला हे कळत नसेल असे नाही. पण त्यांना गुरूचे यश त्या भाषेत ठेवायचे होते, जी त्यांच्या लेखी काळाला पुरून उरणारी होती. ही निवड आज कोणाला भाबडी वाटेल, कोणाला भव्य.

२३/
२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचे निधन झाले. त्याच प्रजासत्ताकदिनाच्या पद्मविभूषण यादीत त्यांचे नाव होते. ‘तिलकयशोऽर्णवः’ला संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, कवीच्या पश्चात पाच वर्षांनी. योगायोग असा की त्याच वर्षी यवतमाळात मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्षस्थानी ग. दि. माडगूळकर होते.