देवी : घरापासून शाळेपर्यंत

मराठीत एका रोगाला आणि त्याच्या लसीला एकाच शब्दाने ओळखले गेले. रोग झाला की ‘देवी आल्या’ म्हणत आणि लस टोचली की ‘देवी काढल्या’. बालसंगोपनाच्या दोन शतकांचा इतिहास या शब्दात साठलेला आहे.

लस येण्यापूर्वी अशा मुलाची शुश्रूषा हे सर्वस्वी कुटुंबाचे काम होते. मुलाच्या अंगी शीतळादेवी आली असे मानून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवीत, घरात शांतता पाळीत, नवस बोलत आणि वाट पाहत. बंगालमधील टीकादार रोग्याच्या फोडांतील द्रव्य निरोगी मुलांना टोचीत, तेही शीतळेची पूजा करून. श्रद्धा आणि प्रतिबंध एकाच अंगणात नांदत होते.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६मध्ये प्रयोगाने सिद्ध केलेली लस बगदाद-बसरामार्गे मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. तिच्या दंडावरच्या फोडातील लस पुढे इतर मुलांना दिली गेली. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असा तो प्रवास होता. त्यामुळे ‘कोणत्या घरच्या, कोणत्या जातीच्या मुलाची लस?’ हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. त्याहून अवघड गोष्ट वेगळीच होती : उद्याच्या संकटासाठी हसत्याखेळत्या मुलाला आज ताप येऊ द्यायचा! आलेले दुखणे निभावणाऱ्या आईला आता न आलेल्या दुखण्याचा निर्णय घ्यावा लागला. पुढे सक्तीचे कायदे झाले. पण मूल मांडीवर घेऊन बसायचे ते तिनेच.

या कामात शाळाही सहभागी झाली. १९७०च्या दशकातील मोहिमेत शोधपथके रुग्णाचे चित्र घेऊन घरोघरी, बाजारांत आणि शाळांत जात. गावातली नेमकी बातमी अनेकदा विद्यार्थीच सांगत. मे १९७५मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण आढळला आणि १९८०मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या दंडावर देवीचा व्रण आहे. आजच्या विद्यार्थ्यांना त्याची ओळखही नाही. एकत्र कुटुंबे विरळ झाली, मोबाईलवर सल्ले मात्र उदंड आहेत. अशा वेळी पालकांच्या शंकेला हसणे सोपे असते. परंतु लस रुजली ती घराच्या भाषेतले नाव घेऊनच, हे आम्हा शिक्षकांना विसरता येणार नाही. शंका घेऊन आलेल्या आईला बसायला खुर्ची देणे, हा विज्ञानशिक्षणाचा पहिला पाठ आहे.