पूर्णांक क्रमिका कोश

पूर्णांक क्रमिका कोश : पूर्णांकांच्या क्रमिकांची पदे, व्याख्या, सूत्रे व संदर्भ यांची पद्धतशीर नोंद ठेवणारा आणि आंतरजालावर सर्वांस विनामूल्य उपलब्ध असलेला ज्ञानसंग्रह. निश्चित नियमाने एकापुढे एक मांडलेल्या संख्यांच्या ओळीस क्रमिका म्हणतात. २, ३, ५, ७, ११,... ही मूळ संख्यांची व १, ४, ९, १६,... ही वर्गसंख्यांची क्रमिका सर्वपरिचित आहे. शब्दकोशात शब्दावरून अर्थ शोधतात, त्याप्रमाणे या कोशात क्रमिकेच्या काही पदांवरून तिचा नियम व तिच्यावर पूर्वी झालेले काम शोधता येते. शोधणाऱ्यास विषयाचे नाव, परिभाषा किंवा मूळ संशोधकाची भाषा ठाऊक असण्याची गरज नसते. हाती आलेल्या संख्या पुरेशा होतात. त्यामुळे ग्रंथालयापासून दूर असलेला विद्यार्थी, अभियंता वा हौशी अभ्यासक यांनाही आपले फलित नवे आहे की पूर्वीच ज्ञात आहे, हे पडताळून पाहता येते.

इतिहास : या कोशाचे जनक नील जे. ए. स्लोन (जन्म १९३९) हे होत. त्यांचा जन्म वेल्समध्ये व शिक्षण ऑस्ट्रेलियात झाले. १९६४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करीत असताना मज्जातंतूंच्या जाळ्यासारख्या रचनांच्या अभ्यासात त्यांना ‘वृक्ष’ या प्रकारच्या आलेखांतील बिंदूंच्या उंचीविषयीची १, ८, ७८, ९४४,... ही क्रमिका मिळाली. पुढील पद देणारे सूत्र त्यांना हवे होते. समचयात्मक विश्लेषणावरील ग्रंथांत इतर पुष्कळ क्रमिका होत्या; पण ही आढळली नाही, आणि क्रमिका शोधण्यासाठी म्हणून रचलेली सूचीही कोठे नव्हती. तेव्हा जी क्रमिका दृष्टीस पडेल ती पत्रावर उतरवून ठेवण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला. पुढे हा संग्रह संगणकासाठी छिद्रित पत्रांवर घेण्यात आला. मूळ प्रश्नाचे उत्तर स्लोन व जॉन रिऑर्डन यांनी १९६९ मध्ये संयुक्त निबंधात प्रसिद्ध केले.

स्लोन १९६९ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत दाखल झाले. १९७३ मध्ये त्यांचा ‘अ हँडबुक ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात २,३७२ क्रमिका शब्दकोशाप्रमाणे क्रमवार लावलेल्या होत्या. ग्रंथ निघताच वाचकांकडून दुरुस्त्या, पुरवण्या व नव्या क्रमिका येऊ लागल्या. १९९० च्या सुमारास या पत्रव्यवहाराने जवळजवळ एक घनमीटर जागा व्यापली होती. कॅनडातील गणितज्ञ सिमॉन प्लूफ यांच्या सहकार्याने १९९५ मध्ये ५,४८७ क्रमिकांचा सुधारित ग्रंथ निघाला. मात्र छापील ग्रंथ निघेपर्यंत तो अपुरा झालेला असे. १९९४ मध्ये ई-मेलद्वारे क्रमिका शोधून देण्याची सोय व १९९६ मध्ये संकेतस्थळ सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली.

संग्रह वाढला, तसा तो एका व्यक्तीच्या श्रमांवर व तिच्या नोकरीच्या ठिकाणावर किती काळ विसंबणार, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी २००९ मध्ये एक विश्वस्त प्रतिष्ठान स्थापून कोशाचे हक्क त्याच्याकडे सोपविण्यात आले. २०१० पासून नोंदींची छाननी स्वयंसेवी संपादकांचा गट करू लागला. २००४ मध्ये कोशातील एक लाखावा क्रमांक काँगोमधील इशांगो येथे सापडलेल्या प्राचीन हाडावरील खाचांच्या संख्यांना देण्यात आला. २०२४ पर्यंत नोंदींची संख्या ३,७०,००० च्या पुढे गेली.

रचना व उपयोग : प्रत्येक क्रमिकेस एक कायम क्रमांक असतो. नोंदीत आरंभीची पदे, व्याख्या, सूत्रे, उदाहरणे, संदर्भ, पदे काढण्याचे संगणकीय कार्यक्रम व संबंधित क्रमिकांचे निर्देश येतात. पदे पाठविणाऱ्याचे व दुरुस्ती करणाऱ्याचे नावही नोंदले जाते.

या रचनेचा लाभ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बहिर्वक्र बहुभुजाचे त्याच्या कर्णांनी त्रिकोणांत विभाजन करण्याचे प्रकार चौकोनासाठी २, पंचकोनासाठी ५, षट्कोनासाठी १४ व सप्तकोनासाठी ४२ आहेत. संगणकशास्त्रातील द्विमान वृक्षांचे प्रकार मोजले असता १, २, ५, १४, ४२,... हीच पदे येतात, आणि गुणाकारात कंस घालण्याच्या रीती मोजल्या तरी तीच मिळतात. या कातालान संख्या होत. भूमितीचा अभ्यासक व संगणकाचे कार्यक्रम रचणारा हे दोघे निरनिराळ्या वाटांनी एकाच नोंदीपाशी येतात व एकमेकांच्या शाखेतील सूत्रे त्यांना आयती मिळतात.

तथापि पदे जुळणे ही सिद्धता नव्हे. वर्तुळावरील बिंदू जीवांनी जोडले असता वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात, हे बिंदूंची संख्या एकेकाने वाढवीत मोजल्यास १, २, ४, ८, १६ अशा संख्या मिळतात. परंतु पुढील संख्या अपेक्षेप्रमाणे ३२ नसून ३१ असते. कोश केवळ अनुमान सुचवितो. ते सिद्ध करण्याचे काम अभ्यासकाचेच राहते.

चुकांविषयीची कोशाची रीतही लक्षणीय आहे. पूर्वी कोठे तरी चुकीची छापली गेलेली क्रमिका सरसकट गाळली जात नाही. ती सदोष असल्याची खूण करून तिच्या नोंदीत शुद्ध क्रमिकेचा निर्देश देतात. त्यामुळे जुन्या ग्रंथातील चुकीची पदे घेऊन आलेला वाचकही योग्य ठिकाणी पोहोचतो. छापील गणिती कोष्टकांतील चुका पूर्वी एका आवृत्तीतून दुसरीत उतरत असत, हे ध्यानात घेता या रीतीचे महत्त्व कळते.

भारतीय क्रमिका : मात्रावृत्तांतील लघुगुरूंच्या रचना मोजताना विरहांक व हेमचंद्र यांनी दिलेल्या १, २, ३, ५, ८,... या संख्या यूरोपात फिबोनात्ची यांच्या नावाने प्रसिद्ध झाल्या; कोशातील नोंदीत या भारतीय पूर्वसूरींचा उल्लेख आहे. नारायण पंडित यांच्या ‘गणितकौमुदी’ (१३५६) या ग्रंथातील गाईंच्या वाढीचा प्रश्न १, १, १, २, ३, ४, ६, ९, १३,... या क्रमिकेत नोंदलेला असून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांचे उदाहरण बोलके आहे. नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक असलेल्या कापरेकरांनी संख्यांच्या गुणधर्मांवर आयुष्यभर संशोधन केले व त्यातील बरेचसे स्वखर्चाने लहान पुस्तिकांच्या रूपाने छापले. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळविली असता नवी संख्या मिळते, उदा., १५ पासून १५ + १ + ५ = २१. अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून न मिळणाऱ्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२,... या संख्यांना त्यांनी स्वयंभू संख्या म्हटले. १९५९ व १९६३ मध्ये त्यांनी या विषयावर देवळालीहून पुस्तिका काढल्या. १९७४ मध्ये याच संख्या एका अमेरिकन गणिती नियतकालिकात ‘कोलंबियन संख्या’ या नावाने आल्या. अशा प्रकारे एकाच संख्यासमूहास दोन नावे पडली. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर ते जगभर माहीत झाले.

कोशात या संख्यांची नोंद एकच असून तीत दोन्ही नावे शेजारी शेजारी दिलेली आहेत आणि संदर्भांत देवळालीच्या पुस्तिकांचाही समावेश आहे. ज्यांच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली असता मूळ संख्या मिळते (उदा., ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५), त्या कापरेकर संख्या, तसेच स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या हर्षद संख्या यांच्याही स्वतंत्र नोंदी आहेत. विद्यापीठीय पद किंवा मोठा प्रकाशक पाठीशी नसलेल्या संशोधकाचे काम या कोशात केवळ संख्यांच्या आधारे सापडू शकते.