काचेआडचा कागद

जपानी कागदकामाचा अभ्यास करताना एक प्रश्न मला सतत छळत राहिला: परदेशी प्रेक्षकाने नेमके काय पाहिले? १८७३च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनात मेइजी सरकारने प्रथमच अधिकृतपणे भाग घेतला आणि युरोपात जपानी वस्तूंचे वेड वाढले. ‘कातागामी’, म्हणजे किमोनोच्या कापडावर नक्षी उठवण्याचे कोरीव कागदी साचे, हजारोंनी तिकडे गेले. एकट्या व्हिएन्नाच्या उपयोजित कला संग्रहालयात ते सुमारे ८,००० आहेत.

तिथल्या कलावंतांनी त्यांतून नक्षी उचलली. पण इसे प्रांतातल्या शिरोको गावच्या कारागिराच्या लेखी हा कागद म्हणजे हत्यारच. तुरट पर्सिमॉनच्या रसाने चिकटवलेले थर, अर्धगोल पात्याची आरी फिरवून पाडलेली भोके, त्यांतून कापडावर उतरणारी भाताची खळ. साचा झिजला की नवा. आपल्याकडे तरी रांगोळीचे ठिपके काढायला उदबत्तीने भोके पाडलेला कागद दिवाळीनंतर कोण जपतो?

१९५५मध्ये जपानने या कामातल्या सहा कारागिरांचा राष्ट्रीय सन्मान केला. त्यांत एक स्त्री होती. तिचे काम कोरण्याचे नव्हते. नाजूक नक्षी हलू नये म्हणून कागदाच्या दोन थरांमध्ये ती रेशमी धागे बसवत असे. काचेआड ते धागे दिसतात, बसवणारे हात दिसत नाहीत. म्हणून मला वाटते, परदेशातल्या दालनात साच्याशेजारी कारागीरही कामाला बसलेला हवा. नाहीतर प्रेक्षक पाहतो ती नुसती भोके.