दरड कोसळण्याआधीच गाव रिकामं कसं झालं?

मे २०२३. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ या डोंगराळ गावातल्या सगळ्यांना १२ मेच्या संध्याकाळपर्यंत घरं सोडायला सांगण्यात आलं. वरचा कडा काही आठवड्यांत कोसळेल, असा अंदाज होता. १५ जूनच्या रात्री तो खरंच कोसळला. सुमारे १२ लाख घनमीटर दगड खाली आले आणि गावाच्या वेशीवर थांबले. कुणालाही इजा झाली नाही.

हे आधी कसं कळलं?

डोंगर हलतोय हे कसं समजतं?

मोठा कडा बहुतेक वेळा एकदम सुटत नाही. आधी तो हळूहळू सरकतो, मग वेग वाढतो. समोर बसवलेलं रडार कड्यावर लहरी सोडतं. परत आलेल्या लहरींमधल्या फरकावरून काही मिलिमीटरची हालचालही कळते, अगदी रात्री किंवा धुक्यातसुद्धा. उपग्रहावरचं रडार ठरावीक दिवसांनी अख्ख्या डोंगराची अशीच तुलना करतं. ड्रोन आणि लेझर स्कॅनरच्या मदतीने कड्याचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. त्यात भेगा आणि सुटे दगड दिसतात.

दिवस कसा ठरतो?

वेग वाढू लागला की १ भागिले वेग हा आकडा आलेखावर मांडतात. वेग वाढत जातो तशी रेषा खाली उतरते. ती जिथे शून्याला टेकेल, तो कोसळण्याचा अंदाजे दिवस. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली.

दगड कुठवर येतील?

दगडाचा आकार, उताराची तीव्रता, जमीन कठीण की मऊ, वाटेतली झाडं ही माहिती भरून कॉम्प्युटरवर हजारो दगड 'सोडून' पाहतात. त्यावरून धोक्याचा नकाशा बनतो. घर कुठे बांधू नये, संरक्षक जाळी किती उंच हवी, हे त्यातून ठरतं.

मग सगळ्याच दरडींचा अंदाज येतो का?

नाही. एखादा सुटा दगड काहीच सूचना न देता घरंगळू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड कोसळली होती. अशा घाटांत पावसाळ्याआधी सुटे दगड काढणं आणि जाळ्या बसवणं हाच मोठा आधार असतो.

ब्रिएन्झचे लोक जुलै २०२३ मध्ये घरी परतले, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना पुन्हा गाव सोडावं लागलं. यंत्रं डोंगराला थांबवू शकत नाहीत. ती माणसांना निघायला वेळ देतात.