वरच्या जबड्याची सुधारक शस्त्रक्रिया : ल फोर्ट-१ चा इतिहास

वरचा जबडा मागे राहिला किंवा प्रमाणाबाहेर वाढला, तर वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. चावणे आणि बोलणे अवघड होते. अशा वेळी जबड्याचा दात असलेला भाग आडवा कापून सुटा करतात आणि योग्य जागी बसवतात. या शस्त्रक्रियेला ल फोर्ट-१ अस्थिछेदन म्हणतात.

रेने ल फोर्ट या फ्रेंच शल्यचिकित्सकाने मात्र ही शस्त्रक्रिया शोधलेली नाही. त्यांनी शवांच्या चेहऱ्यावर बोथट आघात करून हाडे कोठे मोडतात याचा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये अस्थिभंगाच्या तीन रेषा मांडल्या. त्यांपैकी सर्वांत खालची रेषा दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या तळालगत जाते. पुढे शल्यचिकित्सकांनी याच रेषेवर हाड कापले, म्हणून हे नाव रूढ झाले.

वरचा जबडा कापण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. जर्मनीत फॉन लांगेनबेक यांनी १८५९ मध्ये आणि बॉस्टनमध्ये डेव्हिड चीव्हर यांनी १८६७ मध्ये ते केले. पण त्यांचा हेतू नाकामागील गाठीपर्यंत पोहोचण्याचा होता. काम झाले की हाड पूर्वीच्याच जागी बसवले जाई.

व्यंग सुधारण्यासाठी ही रेषा प्रथम वापरली ती मार्टिन वासमुंड यांनी, १९२७ मध्ये. मात्र त्यांनी जबडा पूर्ण सुटा केला नाही. शस्त्रक्रियेनंतर रबरी ताणाने तो हळूहळू ओढला. १९३४ मध्ये आक्सहाउझेन यांनी आणि १९४२ मध्ये शुखार्ट यांनी आणखी पुढची पावले टाकली, तरी भीती कायम होती. चारही बाजूंनी कापलेल्या हाडाला रक्त कोठून मिळणार? रक्त न मिळाल्यास हाड आणि दात दोन्ही जातील. दुसरीकडे, अर्धवट सुटा केलेला जबडा ताण सुटताच मागे सरके.

झुरिचचे हुगो ओब्वेगेझर यांनी १९६० च्या दशकात जबडा पूर्णपणे मोकळा करून, कोणताही ताण न ठेवता नव्या जागी बसवता येतो हे दाखवले. आता प्रश्न उरला तो हे हाड जगते कसे याचा. अमेरिकेतील विल्यम बेल यांनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग करून त्याचे उत्तर दिले. रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य भरून केलेल्या सूक्ष्म तपासणीत दिसले की टाळूचे आवरण, हिरड्या आणि गालाकडील मऊ ऊती जोडलेल्या राहिल्या, तर हाडाला पुरेसे रक्त मिळते. १९७५ पर्यंत हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि शस्त्रक्रियेला भक्कम आधार मिळाला. पुढे लहान धातूच्या पट्ट्या व स्क्रू आल्यामुळे हाड नव्या जागी स्थिर ठेवणेही सोपे झाले.

आज छेद वरच्या ओठाच्या आतल्या बाजूने घेतात आणि टाळूचे आवरण जपतात, त्यामागे हेच ज्ञान आहे. दुभंगलेल्या टाळूची पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत ते विशेष महत्त्वाचे ठरते. टाळूवरील व्रणांमुळे त्यांच्या जबड्याची वाढ अनेकदा खुंटते, म्हणून त्यांना या उपचाराची गरज पडते. आणि त्याच व्रणांमुळे रक्तपुरवठ्याचा धोकाही वाढतो.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. हाड कापण्याची रेषा १९०१ पासून माहीत होती. निर्धास्तपणे कापण्याचे धैर्य मात्र रक्ताची वाट समजल्यावरच आले.